माशी चावली, दुसरं काय

८ फेब्रुवारी

ही वही कुणी वाचायची नाही. मनात येतं ते सगळं तोंडावर बोलले तर या घरात रोज भांडण होईल, म्हणून इथे लिहितेय. जाऊबाई मला ठिणगी म्हणतात ते उगाच नाही. पण ठिणगीला फुंकर कोण घालतं, हे कुणी विचारत नाही.

आजचंच घ्या. सूर्यफुलांच्या शेताकडेला आमच्या मधमाश्यांच्या पेट्या आहेत. भावजींनी आणि जाऊबाईंनी मिळून सुरू केलेल्या. भावजी गेल्यावर जाऊबाईंनी एकटीच्या जिवावर वाढवल्या. मी यात आले दोन वर्षांपूर्वी. जाऊबाईंचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठीसुद्धा काढल्या, वर रेडिएशन. तेव्हा पेट्या बघायला कुणीतरी हवं होतं, आणि माझी कापडदुकानातली नोकरी नुकतीच सुटली होती. तेव्हापासून मी मदतनीस. मदतनीस म्हणजे धूर द्यायचा, जड उचलायचं आणि बोलणी खायची. राणीमाशी बसलेली चौकट मात्र माझ्या हातात कधी यायची नाही. "तुझा हात कापतो," म्हणायच्या.

आणि आज? बाईसाहेब झाडाखाली स्टूल टाकून बसल्या. "आजपासून पेटी तू उघडायची. मी बघते." पेट्या मी उघडल्या, चौकटी मी काढल्या, राणी मी शोधली. मधानं भरलेली पेटी उचलणं म्हणजे काय ते माझ्या कमरेला विचारा. आणि या लांबून शेळ्या हाकताहेत, "घाई करू नकोस, त्यांना तुझी घाई कळते."

चांगल्या ठणठणीत आहेत. अंगही भरलंय. मालकीणबाई झाल्यात, बाकी काही नाही.

१७ फेब्रुवारी

सकाळी चहा ओतताना त्यांच्या उजव्या हाताकडे लक्ष गेलं. पंजा चांगलाच फुगलेला, बोटांचे सांधे दिसेनासे झालेले.

"अहो, हे काय?"

"माशी चावली, दुसरं काय."

बरोबरच आहे. आमच्या घरात सूज ही काही चौकशी करायची गोष्ट नाही. गेल्या वर्षी माझा डोळाच बंद झाला होता, तर आमचे हे आधी पोट धरून हसले आणि मग ओलं फडकं आणून दिलं. नांगी खरवडून काढायची, साबणानं धुवायचं, गार पाणी लावायचं आणि कामाला लागायचं. चावलं म्हणून बसून राहिलो तर हा धंदा होणारच नाही.

रात्री जेवताना ह्यांना सांगितलं तर हे म्हणतात, "वहिनीला तर हल्ली माशी चावली तरी सूज येत नाही ना? इतकी वर्षं चावून घेतल्यावर अंगाला सवय होते, असं तीच सांगत असते."

"ऑपरेशननंतर रक्त बदलत असेल," मी म्हटलं. "तुम्ही तुमच्या गॅरेजातल्या गाड्या बघा. माश्यांमधलं तुम्हाला काय कळतंय?"

घड्याळ मात्र जाऊबाईंनी उजव्या हातातून काढून डाव्या हाताला बांधलंय. चांगलं दिसत नाही.

२६ फेब्रुवारी

जाऊबाई हल्ली भावजींचे जुने शर्ट घालून फिरतात. लांब बाह्यांचे, ढगळ, मनगटापर्यंत बटणं लावलेले. आज उन्हानं अंगाची लाही होत होती तरी तेच. आधी मला हसू आलं. मग वाईट वाटलं. एवढी वर्षं झाली तरी माणसाची आठवण अशी उफाळून येते. म्हणून मी त्या शर्टावरून काही बोलले नाही, जे मला किती जड गेलं ते माझं मला माहीत.

पण काम करवून घेण्यात कसूर नाही हं. आज एका पेटीचे दोन भाग करायला लावले. गर्दी झाली की माश्या राणीला घेऊन उडून जातात, त्याआधी आपणच त्यांचं वेगळं बिऱ्हाड मांडून द्यायचं. अर्ध्या चौकटी इकडे, अर्ध्या तिकडे, राणी कुठल्या बाजूला गेली ते डोळ्यांत तेल घालून बघायचं. मी केलं. नीट केलं. माझे हात अजिबात कापले नाहीत.

कौतुक? नाव नको. "उद्या दुसरी पेटी," म्हणाल्या.

५ मार्च

आज जाऊबाईंची दवाखान्यातली तपासणी होती. मी सोबत येते म्हटलं तर अंगावरच आल्या. "मी काय कुक्कुलं बाळ आहे? पेट्यांकडे कोण बघणार?" सकाळच्या बसनं गेल्या आणि दुपारच्या जेवणाला घरी हजर!

"इतक्यात झालं पण?"

"रांगच नव्हती."

"काय म्हणाले डॉक्टर?"

"सगळं ठीक आहे म्हणाले. वाढ जेवायला."

मागच्या वेळी आम्ही दोघी तिथल्या बाकावर दिवसभर ताटकळलो होतो. दवाखाना सुधारला म्हणायचा. मनावरचं मोठं ओझं उतरलं. गोडाचं काहीतरी केलं, तर त्यांनी दोन घास खाल्ले आणि डाव्या हातानं चमचा बाजूला ठेवला.

१४ मार्च

पाठ दुखतेय. बाकी काही लिहिण्यासारखं नाही.

२१ मार्च

आज माझं डोकं फिरलंय.

मध नेणारा व्यापारी आला होता. जाऊबाईंनी मला हाक मारली आणि त्याला म्हणाल्या, "यापुढे सगळं हिच्याशी बोलायचं. भाव हीच ठरवेल." मला आधी मूठभर मांस चढलं. मग व्यापारी गेल्यावर मला प्रश्न विचारत बसल्या, शाळेतल्या मास्तरणीसारख्या. एखाद्या पेटीतली राणी मेली तर कसं ओळखशील? माश्यांचा आवाज कसा बदलतो? फुलं संपली की काय करशील? मी नसले आणि पेटीत कीड लागली तर?

"तुम्ही नसायला कुठे चाललात?" मी विचारलं.

त्यांनी बाहीचं मनगटावरचं बटण घट्ट केलं. मग म्हणाल्या, "जाईन थोडे दिवस बहिणीकडे."

आत्ता उजेड पडला! बहीण कित्येक वर्षं मागे लागली आहे, ये इकडे राहायला म्हणून. म्हणजे या बाई सगळं माझ्या गळ्यात टाकून निघणार, आणि मला शेवटच्या दिवशी कळणार. मी तोंड सोडलं. जे बोलायचं नव्हतं तेही बोलले. म्हटलं, जायचंय तर सरळ सांगा, असा लपंडाव कशाला? मी काय तुमची नोकर आहे?

नाकावर माशी बसू न देणारी बाई ती. माझं सगळं निमूट ऐकून घेतलं. "ठिणगे, भूक लागली असेल तुला," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

याचा मला जास्त राग आला.

३० मार्च

अबोला संपला. मीच संपवला, मला जमतच नाही. पंजा अजून फुगलेलाच आहे, उलट जास्त. एवढ्या माश्या एकाच हाताला कशा चावतात म्हणते मी! गरम पाण्याची पिशवी घेऊन बसले, चांगला शेक दिला आणि तेल लावून खसाखसा चोळला. मनगटाच्या वर मात्र बाही सरकवू देईनात. "पुरे, पुरे, सालटं काढतेस का," ओरडायला लागल्या.

चोळताना जाणवलं, बोट दाबलं की तिथे खळगा राहतो आणि हळूहळू भरून येतो. माशीच्या सुजेत असं कधी पाहिलं नव्हतं. म्हणाल्या, "वयानं होतं."

११ एप्रिल

मध काढण्याचा दिवस. यंत्राचा दांडा पूर्वी त्याच फिरवायच्या, कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. आज मी फिरवला. जाऊबाईंनी चौकटींवरचं मेण सुरीनं सोलून द्यायचं काम घेतलं, तेही डाव्या हातानं. सुरी सटकली आणि उजव्या हाताच्या बोटाला लागली. एवढीशी चीर, थेंबभर रक्त. चिंधी बांधली आणि पुढे काम.

मध सुंदर उतरलाय. खोलीभर वास आहे. मी म्हटलं, "चाखून तरी बघा." त्यांनी बोट लावलं आणि माझ्याकडे बघत राहिल्या. "हा तुझा मध," म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा! मी लगेच म्हटलं, "माझा कसला, माश्यांचा," आणि दांडा जोरात फिरवायला लागले, कारण डोळे भरून आले होते आणि ते मला दाखवायचे नव्हते.

१३ एप्रिल, दवाखाना

लिहायला हात चालत नाही, पण लिहिलं नाही तर मी ओरडेन.

सकाळी जाऊबाई उठल्या नाहीत. बघते तर अंग तव्यासारखं तापलंय, दात वाजताहेत. उजवा पंजा लालभडक. मी बाही वर सरकवायला लागले तर दुसऱ्या हातानं माझा हात धरला.

"माशी चावली," म्हणाल्या.

"सोडा हात," मी म्हटलं.

बटणं काढली. शर्ट बाजूला केला. अख्खा हात, मनगटापासून खांद्यापर्यंत, दुसऱ्या हाताच्या दीडपट. कातडी ताणून चकचकीत झालेली, लाली कोपराच्या वर चढलेली. ही काही कालची सूज नव्हती. महिनोन्‌महिन्यांची होती. मी रोज समोर बसून जेवत होते आणि मला दिसली नव्हती.

"कधीपासून?" मी विचारलं.

"किती प्रश्न विचारतेस तू," असं काहीतरी तापात बरळल्या. मग डोळे मिटून हळूच म्हणाल्या, "तो परत आलाय, ठिणगे. मला माहितीय."

तो म्हणजे कोण, हे विचारावं लागलं नाही. ह्यांना हाका मारल्या. ह्यांनी गिऱ्हाइकाचीच गाडी काढली आणि आम्ही निघालो. गाडीत त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी देवाला काय काय कबूल केलं ते इथे लिहीत नाही.

१४ एप्रिल, दवाखाना

इथल्या डॉक्टरीणबाई बोलायला तुटक आहेत, पण मला त्या आवडल्या. उगाच पाठीवर हात फिरवत नाहीत. आल्या आल्या विचारलं, "काखेतल्या गाठी काढल्या होत्या? रेडिएशन त्याच बाजूला? सूज कधी सुरू झाली?"

जाऊबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या, "दिवस लहान होते तेव्हापासून."

म्हणजे हिवाळ्यापासून! मी तिथेच ओरडणार होते, नर्सनं माझ्याकडे बघितलं म्हणून गप्प बसले.

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. ऑपरेशननंतर हात सुजायची कारणं वेगवेगळी. बोटाच्या चिरेतून जंतू शिरलेत आणि ताप त्याचाच आहे, त्याचं औषध सलाइनमधून सुरू केलंय. पण सूज त्याच्या आधीची. शिरेत रक्ताची गुठळी झाली असेल तर हात सुजतो. गाठी काढल्यामुळे अंगातल्या पाण्याची परतीची वाट बंद झाली तरी सुजतो. आणि आजार काखेत पुन्हा आला असेल, त्याचा दाब पडत असेल, तरीही सुजतो.

"यातलं काय आहे?" मी विचारलं.

"नुसतं बघून सांगता येत नाही. म्हणून तपासायचं. अंदाज तुम्ही करायचे नाहीत, मीही करणार नाही."

अंदाज करायचे नाहीत म्हणे. आमच्या घरात दोन अंदाज सुखानं नांदत होते. मला वाटत होतं माशी, त्यांना वाटत होतं मरण.

१५ एप्रिल, दवाखाना

ताप उतरला. सोनोग्राफी झाली, गुठळी नाही. आज स्कॅन झाला, त्याचा निकाल उद्या.

दुपारी खोलीत आम्ही दोघीच होतो. मी ठरवलं होतं की आजारी माणसाशी भांडायचं नाही. पण शब्द तोंडातून निघालेच.

"मार्चमध्ये तपासणीला गेला होतात ना? तेव्हा डॉक्टरांना हात दाखवला नाहीत?"

"गेले होते. बसमधून उतरले. फाटकाबाहेर बाक आहे ना, तिथे बसले. बसले ती बसलेच. मग परतीची बस आली."

"का पण?"

"आत गेले असते तर त्यांनी सांगितलं असतं. मग पुन्हा सुया, पुन्हा उलट्या, पुन्हा केस जाणार. सगळा हंगाम पलंगावर गेला असता. आणि तुला तोवर पेटीतली कीडसुद्धा ओळखता येत नव्हती." पुढे म्हणाल्या, "तुझं शिकून व्हायला हवं होतं. मग काय व्हायचं ते होऊ दे."

तेव्हा माझ्या डोक्यात ते स्टूल, त्या वेगळ्या केलेल्या पेट्या, तो व्यापारी सगळं एकदम जुळलं. बहिणीकडे म्हणे! मला इतका राग आला की मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. खाली कुणीतरी गाड्या धूत होतं.

"मला पेट्या नकोत," मी म्हटलं. "मला तुम्ही हव्या आहात. एवढी साधी गोष्ट तुम्हाला कळू नये? माश्यांना माझी घाई कळते, आणि तुम्हाला सासरी आल्यापासून तुमच्या मागे मागे फिरणारी बाई कळत नाही?"

मी वळून बघितलं तर जाऊबाई चादरीनं डोळे पुसत होत्या. मीही मग लाज सोडली. नर्स आली तेव्हा आम्ही दोघी हुंदके देत होतो. तिला वाटलं निकाल आला. ती बिचारी पाणी आणायला धावली.

१६ एप्रिल, दवाखाना

नाही!

परत आलेला नाही! कुठेही काही नाही! डॉक्टरीणबाईंनी तीच तुटक वाक्यं वापरली, "स्कॅन स्वच्छ आहे. काखेत काही नाही." मी त्यांचे हात धरले, त्यांनी ते हळूच सोडवून घेतले. हे दाराशी उभे होते, ते काही न बोलता बाहेर गेले आणि नाक लाल करून परत आले.

जाऊबाई मात्र दगडासारख्या बसून. आनंद नाही की काही नाही. "मग हे काय आहे?" एवढंच म्हणाल्या हाताकडे बघत. त्यांचा विश्वासच बसत नाहीये. इतके महिने मनाची तयारी केली, ती एका वाक्यानं कशी पुसली जाणार? संध्याकाळी मला म्हणाल्या, "बरं वाटावं म्हणून सांगत असतील."

"त्या बाई कुणाला बरं वाटावं म्हणून काही सांगतील असं दिसतं का तुम्हाला?" मी म्हटलं. यावर जरा हसल्या, पण रात्रीही जेवण तसंच ठेवलं.

२३ एप्रिल

लाली गेली, औषध पुरं झालं, घरी आलो. आज त्या सुजेच्याच उपचारासाठी दवाखान्याच्या दुसऱ्या इमारतीत बोलावलं होतं. छोटी खोली, उंच पलंग, कपाटात पट्ट्यांच्या गुंडाळ्याच गुंडाळ्या. उपचार करणारी मुलगी तरुण, आवाज इतका मऊ की पुढे झुकून ऐकावं लागतं.

तिनं कागदावर हाताचं चित्र काढलं. रक्त जसं फिरतं तसं अंगात एक पातळ पाणीही झिरपत असतं, म्हणाली, आणि ते बारीक नळ्यांतून, काखेतल्या गाठींमधून माघारी जातं. तुमच्या गाठी काढल्या, उरलेली जागा रेडिएशननं घट्ट झाली. वाट अरुंद झाली. कुणाकुणाचं अंग ते निभावून नेतं. कुणाला लगेच सूज येते, कुणाला वर्षांनी. वजन वाढलं, जखम झाली, जंतू गेले की आणखी साठतं. तुमची काही चूक नाही.

"शेक दिला तर?" मी विचारलं.

"शेक नको. जोरात चोळणंही नको. कातडी नुसती हलेल इतक्या हलक्या हातानं करायचं, मी दाखवते."

जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

माश्यांचं विचारलं तर म्हणाली, काम सोडायची गरज नाही, जाड हातमोजे घाला, चावलं किंवा कापलं आणि लाल झालं तर त्याच दिवशी इकडे या. आधी काही आठवडे पट्ट्या बांधायच्या, मग सूज दाबून धरणारी, मोज्यासारखी घट्ट बाही हातभर घालायची. पट्ट्या एकटीला बांधता येत नाहीत, घरातलं कुणीतरी शिकावं लागेल.

मग ती थोडी घुटमळली. खुर्ची पुढे ओढून जाऊबाईंच्या समोर बसली. आता काहीतरी वाईट येणार, मला कळलं.

"मावशी, एक गोष्ट खरी खरी सांगायला हवी," ती म्हणाली. "ही सूज कमी होईल. ताब्यात राहील. पण पूर्ण जाणार नाही. रोज सांभाळावं लागेल."

"किती दिवस?"

"सॉरी, मावशी. आयुष्यभर."

जाऊबाई तिच्या तोंडाकडे बघतच राहिल्या. "आयुष्यभर म्हणजे? पुढच्या वर्षी पण?"

"हो. पुढच्या वर्षी पण."

"त्याच्या पुढच्या?"

"हो मावशी. दहा वर्षांनी, वीस वर्षांनीसुद्धा. बाही दर सहा महिन्यांनी नवी घ्यायची, सैल पडते म्हणून."

"वीस वर्षांनी," जाऊबाई म्हणाल्या. आणि हसायला लागल्या. आधी हळू, मग खांदे हलवून, मग डोळ्यांतून पाणी वाहेपर्यंत. "ऐकलंस का गं ठिणगे? वीस वर्षांनी मला नवी बाही घ्यायचीय!"

ती पोरगी घाबरून गेली. कागदी रुमालांचा डबा पुढे करत मला विचारायला लागली, मी काही चुकीचं बोलले का? मी नुसती मान हलवली आणि जाऊबाईंचा तो जड हात उचलून माझ्या मांडीवर घेतला.

"शिकवा," मी तिला म्हटलं. "कुठून सुरुवात करायची?"

"बोटांपासून," ती म्हणाली.

"आणि सावकाश सांग हो तिला," जाऊबाई डोळे पुसत म्हणाल्या, "फार घाई करते ती."